ड्रायव्हरच्या प्रतीक्षा-लूपमध्ये सीपीयू_रिलॅक्स() कसे वापरावे

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) स्टेटस रजिस्टरमधील, म्हणजे हार्डवेअरची स्थिती दाखवणाऱ्या जागेतील, एखादा बिट बदलेपर्यंत काही मायक्रोसेकंद थांबायचे असेल, तर लूप रिकामा फिरवू नये. प्रत्येक फेरीत सीपीयू_रिलॅक्स() हे कर्नलचे फंक्शन बोलवावे. एक्स८६ वर त्यातून ‘पॉझ’ ही सूचना निघते, जिच्यामुळे हायपरथ्रेडिंगच्या (एकाच कोअरवर दोन थ्रेड चालवणाऱ्या) कोअरमधील शेजारच्या थ्रेडला मोकळीक मिळते. शिवाय ते कंपायलर बॅरियरचेही काम करते, म्हणजे कंपायलरला स्मृतीतील मूल्ये जुनीच धरून चालू देत नाही.

मात्र ‘पॉझ’ला लागणारा वेळ प्रोसेसरगणिक बदलतो. इंटेलच्या स्कायलेक या प्रोसेसर-पिढीपूर्वी तो सुमारे १० सायकल होता, स्कायलेकवर तो सुमारे १४० झाला. म्हणून ‘हजार फेऱ्या झाल्या की सोडून द्यावे’ अशी मर्यादा कधीही घालू नये. मुदत कर्नलचे घड्याळ वाचणारे केटाइम_गेट() वापरून मोजावी, आणि ती संपल्यावर रजिस्टर आणखी एकदा वाचूनच त्रुटी परत करावी, कारण मध्येच इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) आला असेल तर हार्डवेअरचे काम वेळेत पूर्ण होऊनही आपण ते पाहिलेले नसते. हे शेवटचे वाचन विसरणे मला सर्वांत घातक वाटते, कारण तो दोष क्वचितच आणि ताणाखालीच दिसतो.

रीडएल_पोल_टाइमआउट_अ‍ॅटॉमिक() हा मॅक्रो सीपीयू_रिलॅक्स() बोलावणे आणि ते शेवटचे वाचन ही दोन्ही कामे करतो; मात्र नव्या कर्नलमध्ये मुदत तो केटाइम_गेट()ऐवजी विलंबांच्या बेरजेवर मोजतो. शक्यतो तोच घ्यावा. सीपीयू_रिलॅक्स() शेड्युलरकडे (सीपीयू कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाकडे) ताबा देत नाही, त्यामुळे प्रतीक्षा लांबणार असेल आणि झोपण्याची मुभा असेल, तिथे ठरलेल्या वेळेपुरते झोपवणारे यूस्लीप_रेंज() वापरावे.