हिरवी स्मूदी घरी करताना: पानं आधी, फळं नंतर

माझी पहिली हिरवी स्मूदी वाईट झाली होती. अर्धी जुडी पालक, एक अख्खं सफरचंद आणि मूठभर बर्फ भांड्यात कोंबला, पाणी सगळ्यात शेवटी वरून ओतलं आणि मिक्सर लावला. खाली पाती मोकळीच फिरत राहिली, पानं वर झाकणाला चिकटून बसली. मग थोडं पाणी, आणखी थोडं पाणी, असं करत ग्लासात जे आलं ते पातळ, कोमट आणि दर घोटाला दातात एक धागा अडकवणारं होतं. पालकाला नावं ठेवून मोकळं होणं सोपं होतं. चूक मात्र क्रमाची होती. तेच सगळं जिन्नस दुसऱ्या क्रमाने घातलं की मऊ, गार, दाट स्मूदी होते. तो क्रम खाली येईलच, आधी पानांचं बघू.

पानं कुठली घ्यायची

सुरुवात कोवळ्या पालकापासून करा. त्याची चव सौम्य असते आणि केळ्याखाली सहज लपते. लेट्यूस त्याहून मवाळ, पण पाणीदार, त्यामुळे द्रव थोडा कमी घालावा लागतो. केल (कोबीच्या कुळातली कुरळ्या पानांची भाजी) घेतलीत तर मधली जाड शीर देठासकट ओढून काढा, ती साध्या मिक्सरमध्ये कधीच नीट बारीक होत नाही. केल आणि मोहरीची पानं कडवट-तिखट असतात, त्यांची गाठ महिन्याभराने घेतलेली बरी. पुदिना आणि कोथिंबीर वासापुरतीच, पाच-सहा पानं. पुदिना मूठभर घातलात तर टूथपेस्ट प्यायल्यासारखं वाटेल.

दोन गोष्टींपासून लांब राहा. अळूची पानं कच्ची कधीही वापरू नका, त्यातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशात खाज आणि जळजळ करतात. आणि काकडी किंवा दुधी घालणार असाल तर आधी एक फोड चावून बघा. कडू लागली तर सगळीच टाकून द्या, साखर घालून भागवू नका. तो कडूपणा कुकर्बिटासिन या द्रव्याचा असतो आणि तो पोट चांगलंच बिघडवू शकतो.

धुणं

पानं नळाखाली धरून धुतली की पाणी वरवरून निघून जातं, माती मात्र देठाच्या बेचक्यात बसून राहते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं सोडा, हाताने हलवा आणि दोन-तीन मिनिटं शांत राहू द्या. मग पानं वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीत ओतलंत तर तळाची माती परत पानांवरच येते. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत पाणी बदलत राहा. साबण नको.

धुतल्याने जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत. २००६ साली अमेरिकेत कच्च्या पालकातून ई. कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली होती, आणि तो पालक पाकीटबंद होता. म्हणून गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी पिणार असेल तर पानं उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, निथळून गार पाण्यात काढा आणि मग वापरा. उकळलेलं पाणी फेकून द्या. त्याने चव थोडी शिजल्यासारखी लागते, पण पानं झटकन बारीक होतात आणि पालकातलं बरंचसं ऑक्झलेटही त्या पाण्याबरोबर जातं.

फळ: गोडी आणि दाटपणा

स्मूदीला अंग येतं ते केळ्याने. सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं केळं घ्या आणि गोठवून वापरा. बर्फ वितळला की स्मूदी पाणचट होते, गोठलेलं केळं मात्र फिरवल्यावर आइस्क्रीमसारखं मऊ होतं. गोठवण्याआधी साल काढायची, हे मी एकदा विसरून पाहिलंय: काळी पडलेली साल गराला घट्ट चिकटते आणि सुरीने खरवडताना बोटं बधिर होतात. साल काढून बोटभर जाडीच्या चकत्या करा, ताटात एकमेकींना न चिकटता पसरा, दोनेक तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाल्या की डब्यात भरा. पसरायचा आळस केलात तर नंतर विटेसारखा एकच गोळा हातात येतो.

केळ्याच्या जोडीला एक रसदार फळ हवं: आंबा, संत्रं, नासपती, अननस, किवी. रंगाची हौस असेल तर लाल आणि निळ्या बेरी टाळा. हिरव्यात लाल मिसळलं की चिखलाचा रंग येतो. चवीला उत्तम, पण मुलं ग्लासाकडे बघूनच पळतील. केळं आणि बेरी एकत्र करण्यात आणखी एक अडचण आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की केळ्यातलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) सोबतच्या पदार्थांतली फ्लॅव्हनॉल ही उपयोगी द्रव्यं शरीराला फारशी मिळू देत नाही. बेरी त्यासाठीच घालत असाल तर त्या दिवशी केळ्याला सुट्टी द्या.

अननस, किवी आणि पपई यांची वेगळीच गंमत. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन, किवीतलं ॲक्टिनिडिन आणि पपईतलं पपेन ही विकरं प्रथिनं तोडतात. दुधात किंवा दह्यात ही फळं फिरवून ठेवलीत तर थोड्या वेळाने स्मूदी कडू होते, आणि आपल्याला वाटतं दूध नासलं. गोठवल्याने ही विकरं मरत नाहीत. एक तर लगेच पिऊन टाका, नाहीतर या फळांबरोबर साधं पाणी वापरा. डबाबंद अननस तापवलेला असतो, त्याने असं होत नाही.

एका मोठ्या ग्लासाचं प्रमाण

पालक सैलसर भरलेला एक कप, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. एक मध्यम केळं, गोठवलेलं. दुसऱ्या फळाच्या फोडी अर्धा कप. पाणी, दूध किंवा पातळ केलेलं दही १५० मिलिलिटर. लिंबाचा रस एक चमचा. भिजवलेले पाच-सहा बदाम किंवा एक चमचा तीळ. हवं तर नखाएवढं आलं. द्रव म्हणून फळांचा रस वापरू नका, गोडी दुप्पट होते आणि पोट काही भरत नाही.

बदाम किंवा तीळ शोभेला नाहीत. पानांतलं बीटा कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, थोडी चरबी सोबत असली तर ते अंगी लागतं. लिंबाचंही तसंच: पानांतलं लोह शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. तरी पालकातलं लोह शरीराला मिळतं ते थोडंच. रक्त कमी असेल तर केवळ स्मूदीवर विसंबू नका.

फिरवणं

भांडं मापाचं निवडा. एका ग्लासासाठी सगळ्यात मोठं भांडं घेतलं तर पानं भिंतीवर उडतात आणि पात्यांपर्यंत खाली येतच नाहीत. मधलं भांडं घ्या आणि ते दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका.

आधी द्रव, मग पानं, त्यांच्यासोबत बदाम आणि आलं. एवढंच. फळं अजून बाजूलाच. झाकण लावून अर्धं मिनिट फिरवा, बंद करा, भिंतीला चिकटलेली पानं चमच्याने खाली ढकला आणि पुन्हा अर्धं मिनिट फिरवा. पात्यांपाशी चमचा नेण्याआधी भांडं मिक्सरवरून उतरवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता थांबून बघा. चमचाभर हिरवं पाणी पांढऱ्या बशीत ओता आणि बशी तिरकी करा. ओघळ एकसारखा हिरवा दिसला तर झालं. ओघळामागे बारीक हिरवे ठिपके राहिले तर अजून वीस सेकंद फिरवा. दोन बोटांत चोळून बघितलं तरी कळतं, किंचितही खरखर लागता कामा नये. ही बशी मी सोडत नाही. फळं पडल्यावर मिश्रण दाट होतं, आणि दाट मिश्रणात राहिलेली पानं मग कितीही फिरवा, बारीक होत नाहीत, नुसती गोल गोल फिरतात. पातळ असतानाच त्यांचा निकाल लावायचा.

मग मऊ फळ घालून दहा सेकंद फिरवा. गोठलेलं केळं सगळ्यात शेवटी, आणि ते थांबून थांबून, दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी. मध्येच आवाज एकदम हलका झाला आणि मिश्रण हलेनासं झालं, तर पात्यांभोवती हवेची पोकळी झालीय असं समजा. मिक्सर बंद करून भांडं हलवा, दोन चमचे पाणी घाला, पुन्हा लावा. इथे कपभर पाणी ओतायचा मोह होतो. माझी पहिली स्मूदी त्यानेच बिघडली. एकूण दोन मिनिटांच्या वर जाऊ नका, पात्यांच्या घर्षणाने सगळं कोमट होत जातं.

चव जुळवणं

ग्लासात ओतायच्या आधी चाखा. गवतासारखी लागली तर लिंबाचे आणखी काही थेंब आणि चिमूटभर मीठ. मिठाने खारट होत नाही, पानांचा कडवटपणा मागे सरतो. फार गोड लागली तरी उपाय लिंबूच. पातळ झाली तर केळ्याच्या दोन-तीन चकत्या वाढवा, किंवा चमचाभर चिया घालून दहा मिनिटं थांबा. मध घालू नका. सवय झाली की हळूहळू पानं वाढवा आणि फळ कमी करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन कप पालकही जड जाणार नाही.

किती, आणि कोणी जपून

गाळलेल्या रसापेक्षा स्मूदी बरी, कारण चोथा आतच राहतो. तरी फळ चावून खाणं आणि तेच दोन मिनिटांत पिऊन टाकणं यात फरक आहे. ब्रिटनच्या आरोग्य सेवेचा सल्ला असा, की रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, कारण फळ फिरवलं की त्यातली साखर मोकळी होते. मला हा आकडा जरा कडक वाटतो, पण मधुमेह असलेल्यांनी तो गंभीरपणे घ्यावा. नाश्त्याच्या जागी स्मूदी घेत असाल तर दही आणि बदाम वगळू नका, नाहीतर अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात. आणि ‘शरीर शुद्ध होतं’ वगैरे मनातून काढून टाका, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं आधीपासून करतच आहेत.

कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी कच्चा पालक रोज पिऊ नये. लेट्यूस किंवा केल घ्यावी, त्यांत ऑक्झलेट बरंच कमी असतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर पानांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा मेळ बिघडू शकतो. अशांनी डॉक्टरांना न विचारता रोजचं प्रमाण एकदम वाढवू नये आणि एकदम बंदही करू नये. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर केळं आणि पालक ही जोडीच अडचणीची.

ठेवायची असेल तर

ताजी प्यावी हे खरं, पण सकाळी वेळ नसतो हेही खरं. बाटली गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा राहत नाही, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा. पाणी खाली आणि चोथा वर दिसला तर हलवून प्या. हिरवा रंग उतरून शेवाळी-तपकिरी होतो, कारण लिंबाच्या आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. नुसता रंग बदलला म्हणजे ती नासली असं नाही. आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले तर मात्र टाकून द्या.

याहून सोपं म्हणजे पुड्या करून ठेवणं. एका पिशवीत एका ग्लासापुरती धुऊन कोरडी केलेली पानं, दुसरीत केळं आणि फळाच्या फोडी, दोन्ही फ्रीझरमध्ये. पानं कडक गोठली की पिशवी हातानेच चुरगाळायची, त्यांचा भुगा होतो आणि मिक्सरचं अर्धं काम तिथेच उरकतं. दोन्ही एकाच पिशवीत भरू नका, पानं आधी फिरवायची आहेत.

ग्लास भरला की प्यायच्या आधी भांड्यात कपभर पाणी आणि साबणाचा एक थेंब टाकून दहा सेकंद मिक्सर फिरवा. पाच मिनिटांनी केलंत तर हिरवा थर पात्यांखाली वाळून बसलेला असेल आणि ब्रश शोधावा लागेल. झाकणाच्या आतली रबरी रिंगही काढून धुवा. आठवडाभर ती तशीच राहिली तर पुढच्या स्मूदीला कुठून वास येतोय याचा शोध तुम्ही फ्रिजमध्ये घेत बसाल.