पँटोनचा रंग स्क्रीनवर आणायचाय? मधे सीएमवायके येऊ देऊ नका

पिशवीवर, लेटरहेडवर इतकी वर्षं जो केशरी छापतोय तोच वेबसाईटवर पाहिजे, असं गिऱ्हाईक म्हणतं आणि त्याचं बरोबरच आहे, लोक दुकान रंगावरूनच ओळखतात. मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा फोर कलरची, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या अशा चार शायांची (सीएमवायके) पीडीएफ उघडली, आयड्रॉपरने रंग उचलला आणि देऊन टाकला. मग मोबाईलशेजारी पिशवी धरून बघितली तर पिशवीवरचा केशरी पेटलेला आणि स्क्रीनवरचा विझलेला.

कारण असं की पिशवीवरचा केशरी स्पॉट कलर आहे, म्हणजे पँटोन कंपनीच्या ठराविक नंबरची, डब्यातच मिसळून तयार केलेली शाई, चार रंगांचे ठिपके नाहीत. ऑरेंज ०२१ सारखा रंग सीएमवायकेच्या आवाक्यातच नाहीये, तो एकदा सीएमवायकेत गेला की त्याची झळाळी गेली, नंतर आरजीबी (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) केलं तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून स्पॉटवरून थेट आरजीबीतच जायचं.

सगळ्यात आधी पूर्ण नंबर मिळवा, शेवटच्या अक्षरासकट. सी म्हणजे गुळगुळीत कोटेड कागद, यू म्हणजे साधा अनकोटेड, शाई तीच पण कागदात मुरल्यामुळे रंग वेगळा दिसतो आणि स्क्रीनची व्हॅल्यूही वेगळी येते. स्क्रीनसाठी मी शक्यतो सी घेतो. एकच रंग हवा असेल तर पँटोनच्या साईटवर नंबर टाकून आरजीबी आणि हेक्स (वेबसाईटवर टाकायचा रंगाचा कोड) बघा, काम झालं. ०२१ सी म्हणजे आर २५४, जी ८०, बी ०. २८६ सी हा निळा म्हणजे आर ०, जी ५१, बी १६०.

अख्खा लोगोच बदलायचा असेल तर इलस्ट्रेटरमध्ये हा क्रम पाळा, इथेच बहुतेकांचं चुकतं. आधी फाईलची कॉपी करा, मूळ फाईल प्रेससाठी आहे तशीच राहू दे. मग फाईल मेनूतून डॉक्युमेंट कलर मोड आरजीबी करा, हे पहिलं, बाकी सगळं नंतर. आता स्वॉचेस पॅनलच्या मेनूत स्पॉट कलर्स उघडा आणि लॅब व्हॅल्यूज वापरायचा पर्याय निवडा, सीएमवायकेचा नको. लॅब म्हणजे डोळ्याला शाई जशी दिसते त्याचं माप, तिथून आरजीबी नीट निघतो. शेवटी कोपऱ्यात पांढरा त्रिकोण आणि त्यात ठिपका असलेला स्वॉच डबल क्लिक करा, कलर मोड आरजीबी, कलर टाईप प्रोसेस, ओके. ग्रेडियंट आणि ५० टक्के टिंट वेगळे तपासा, फिक्या छटेसाठी मी सरळ वेगळा रंगच ठरवून टाकतो.

एक अडचण येईल. २०२२ च्या शेवटी इलस्ट्रेटरवाल्या अडोबीने पँटोनची बरीचशी पुस्तकं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या रंगांच्या याद्या, काढून टाकली, नेहमीची सॉलिड कोटेडसुद्धा. नवीन व्हर्जनमध्ये पँटोन सीएमवायके कोटेड असं नाव दिसेल, पण ती स्पॉट शाईची यादी नाही, नावाला भुलून तिथून रंग घेऊ नका! पँटोन कनेक्ट हे पँटोनचं प्लगइन घ्या नाहीतर साईटवरची व्हॅल्यू हाताने टाका.

कोरलड्रॉवाल्यांसाठी सोपं आहे. ऑब्जेक्ट सिलेक्ट करून खालच्या पट्टीतल्या फिलच्या चौकोनावर डबल क्लिक, मॉडेल आरजीबी करा, हेक्सही तिथेच दिसतो. फक्त त्याआधी कलर मॅनेजमेंटमध्ये स्पॉट कलर डेफिनेशन लॅब आहे ना बघा.

एक्सपोर्ट करताना एसआरजीबी (वेबसाठीचा नेहमीचा आरजीबी) ठेवा. मग नाईट मोड बंद करून, खिडकीजवळच्या उजेडात शेड कार्ड स्क्रीनशेजारी धरा, ट्यूबलाईटखाली नको. थोडा फरक राहणारच, एक कागद आहे आणि एक उजेड. पण ८७१ सारखा सोनेरी किंवा ८०२ सारखा फ्लोरोसंट हिरवा असेल तर आकड्यांच्या मागे लागू नका, सोन्याची चमक कागद हलवल्यावर दिसते, स्क्रीनवर ती सपाट मातकट रंग होऊन येते. तिथे गिऱ्हाईकाला शेजारी बसवा, दोन-तीन छटा दाखवा आणि त्यांच्या डोळ्याला पटेल ती घ्या.

ठरलेला पँटोन नंबर आणि आरजीबी, हेक्स एकाच कागदावर लिहून गिऱ्हाईकाला द्या, म्हणजे पुढचा डिझायनर पुन्हा पीडीएफमधून रंग उचलणार नाही.