मेंदूची वजाबाकी चुकते तेव्हा: लोकलमध्ये आणि रस्त्यावर या चुका टाळा

गाडी कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला अडकलेली. शेजारच्या रुळांवर उलट दिशेची लोकल उभी. तेवढ्यात खिडकीबाहेर डबे सरकू लागतात, कुणीतरी ‘चला, निघाली एकदाची’ म्हणत बॅग खांद्याला लावतो, आणि शेवटचा डबा गेल्यावर बाहेर तोच खांब, तीच भिंत. मीही फसलोय, आणि एकदा नव्हे.

आपण हलत असताना डोळ्यांपुढे सगळंच हलतं: खांब, पलीकडची गाडी, फलाटावरची माणसं. त्यातून आपल्या स्वतःच्या हालचालीचा वाटा मेंदू वजा करतो. उरते ती बाहेरच्या वस्तूची हालचाल. सायमन रश्टन आणि पॉल वॉरन या दृष्टीच्या अभ्यासकांनी ही वजाबाकीची कल्पना २००५ मध्ये मांडली. आपण किती हलतोय हे मेंदूला कळतं मुख्यतः डोळे आणि आतल्या कानाकडून. गंमत अशी की, आतल्या कानाला एकसारखा वेग कळतच नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. गाडी अलगद सुटली तर तो जवळजवळ गप्पच असतो. मग खिडकीभर सगळं एकाच दिशेने सरकलं की मेंदू म्हणतो, आपणच निघालो. शंका आली तर दुसऱ्या बाजूच्या दारातून जमीन बघा, भास लगेच मोडतो.

इथवर फक्त फजिती. खरी भीती आहे ती उतरताना.

फास्ट गाडीने सुसाट आल्यावर डोळे त्या वेगाला सरावतात. मग फलाटात शिरलेली गाडी ताशी २० किलोमीटरने जात असली तरी थांबल्यातच जमा वाटते. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ऑफिसच्या चपलांत, मागून रेटा असताना, तेवढं धावून दाखवा! त्यात दारातला माणूस बहुतेक वेळा जिना कुठे येतो ते लांबवर बघत असतो. लांबचं सावकाश सरकतं, पायाशी असलेली फलाटाची कड सर्रकन जाते. म्हणून वेगाचा अंदाज घ्यायचाच तर कडेकडे बघून घ्या, आणि शेवटचा हिसका बसेपर्यंत दांडा सोडू नका. ‘मी रोज असाच उतरतो’ म्हणणाऱ्यांचेही डोळे असेच सरावलेले असतात.

रूळ ओलांडण्याबद्दल मी सल्ला देणार नाही, ब्रिज चढा. रेल्वे कायद्याचं कलम १४७ (सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही) बाजूला ठेवलं तरी अंदाज का चुकतो ते बघा. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आपण ती किती भराभर मोठी दिसते यावरून जोखतो. ताशी ७२ किलोमीटरची गाडी सेकंदाला २० मीटर येते. ४०० मीटरवर असताना एका सेकंदात ती जेमतेम ५ टक्के मोठी दिसते, म्हणजे उभीच वाटते. ४० मीटरवर आली की त्याच एका सेकंदात दुप्पट. तोवर तुम्ही रुळांच्या मधोमध. शिवाय आकाराने मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश येतेय असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ लायबोवित्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांमागे हेच कारण सुचवलं होतं.

टॅक्सीत मोबाइल वाचताना मळमळतं तेही याच घराण्यातलं: डोळे म्हणतात स्थिर, कान म्हणतो वळलो. बाहेर लांब बघा, झालं.

शेवटची चूक गाडी चालवणाऱ्यांची, आणि ही फार थोड्यांना माहीत असते. हलणारी वस्तू नजर चटकन टिपते, पण तुमच्यावर आदळणार असलेली वस्तू दृश्यात सरकतच नाही. मांडव्याच्या लाँचवर कठड्याशी उभं राहून बघा: दुसरी बोट कठड्याच्या त्याच गजाशी राहून नुसती मोठी होत असेल, तर दोघी एकाच ठिकाणी पोचणार आहेत. रस्त्यावर बाजूने येऊन मिळणारी बाइक अशीच समोरच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खा वेळ लपून राहू शकते. जोडरस्त्याला नुसती मान वळवून भागत नाही. सीटवर पुढे-मागे झुका, म्हणजे खांबाआडचं बाहेर येतं.