लेइपॅयूस्तो: फिनलंडचं भाजकं चीज खाताना या चुका टाळा

‘चव ना ढव, नुसतं रबर!’ फिनलंडमध्ये नव्याने गेलेल्या मराठी माणसाने सुपरमार्केटमधून लेइपॅयूस्तोचं पाकीट आणलं, फोडलं आणि ओट्याशी उभ्या उभ्याच एक तुकडा तोंडात टाकला, की बहुधा हेच ऐकू येतं. मीही हेच म्हटलं होतं. भाकरीसारखी चपटी गोल चकती, वर तव्यावर पडतात तसे तपकिरी डाग. बघून वाटलं, काहीतरी खमंग असणार. पण फ्रिजमधून काढलेली भाकरी तरी कुठे खमंग लागते?

फिनिश भाषेत ‘लेइपॅ’ म्हणजे पाव आणि ‘यूस्तो’ म्हणजे चीज. हे चीज मूळचं पोहयानमा, काइनू आणि लॅपलंड या भागांतलं, म्हणजे पश्चिम आणि उत्तर फिनलंडचं. दूध विरजून नव्हे, तर रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) घालून घट्ट करतात, निथळून चपटं थापतात आणि कडक भट्टीत दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजतात. महिनोन्‌महिने मुरवायचा प्रकार नाही. त्यामुळे चेडरसारखा तिखट-आंबट दर्प त्याला नसतो आणि मीठही बेताचं. चव येते ती दुधाच्या स्निग्धांशातून आणि त्या भाजक्या सालीतून. ते डाग करपलेले समजून सुरीने खरवडून काढणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी नेमका चवीचा भागच कचऱ्यात टाकला.

थंड खाणं

पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक ही. थंडीत आतला स्निग्धांश गोठलेला असतो, म्हणून चव जिभेपर्यंत पोचतच नाही. बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या कापा, कोरडा तवा मध्यम आचेवर तापवा आणि प्रत्येक बाजू मिनिट-दीड मिनिट शेका. तेल-तूप घालू नका, चीज आपल्यापुरतं तूप स्वतःच सोडतं. ओव्हन असेल तर दोनशे अंशांवर पाच-सात मिनिटं पुरतात. मायक्रोवेव्ह चालतो, पण पंधरा-वीस सेकंदच. त्यापुढे पाणी उडून जातं आणि मग ‘रबर’ ही तक्रार खरी ठरते.

शेकल्यावर चावताना दातांखाली नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर वाजते. तो दोष नाही. या चीजचं एक लाडकं नावच ‘नार्स्कुयूस्तो’, म्हणजे करकरणारं चीज. प्रथिनांची घट्ट जाळी दातांवर घासते त्याचा तो आवाज. चीज जुनं होत जातं तशी ही जाळी सैल पडते आणि आवाज कमी होतो. करकर ऐकायची असेल तर ताजं पाकीट घ्या आणि गरम असतानाच खा.

वितळायची वाट बघणं

पिझ्झ्यावर किसून घातलं आणि दहा मिनिटांनी बघितलं तर किसाचा किस तसाच! हे चीज बनताना आंबवलेलं नसतं, म्हणून दुधातलं कॅल्शियम प्रथिनांना धरून राहतं आणि उष्णतेने ते पाघळत नाही. मऊ होतं, पण तार धरत नाही. जिथे पनीर चालेल तिथे हे चालेल, जिथे मोझरेला हवं तिथे नाही. परदेशातली मराठी घरं पनीर मिळालं नाही की पालकात हेच ढकलतात, आणि ते चांगलंही लागतं. फक्त तुकडे अगदी शेवटी घाला. ग्रेव्हीत उकळत ठेवले तर भाजकी साल भिजून लिबलिबीत होते.

कॉफीतली गडबड

आता खरी मजा. उत्तर फिनलंडमध्ये, आणि तोर्निओ नदीपलीकडे स्वीडनच्या बाजूलाही, हे चीज चक्क कॉफीत घालतात. फिनलंडमध्ये त्याला ‘काहवीयूस्तो’ म्हणतात. ऐकून नाक मुरडण्याआधी आपण चहात खारी बुडवतो हे आठवा.

इथे बहुतेकांची कॉफीच चुकते. दूध-साखर घातलेली, फेसाळ इन्स्टंट कॉफी यात कामाची नाही. चीज हेच इथलं दूध. फिनलंडमध्ये घरोघरी हलकी भाजलेली, फिल्टरची काळी कॉफी पितात, तीच हवी. दुसरी चूक क्रमाची. भरलेल्या कपात फ्रिजमधले गार तुकडे टाकले की कॉफी कोमट आणि चीज घट्टच. आधी चीज बाहेर काढून ठेवा, सेंटिमीटरभराचे चौकोनी तुकडे करा, कपाच्या तळाशी घाला आणि वरून वाफाळती कॉफी ओता. दोन-तीन मिनिटं थांबा. वर तुपाचा बारीक तवंग येईल. कॉफी फाटली असं समजून ओतून देऊ नका, तो तवंग यायलाच हवा. कॉफी पीत राहायचं आणि फुगून मऊ झालेले तुकडे चमच्याने खायचे. बर्चच्या गाठीतून कोरलेला लाकडी ‘कुक्सा’ असेल तर छानच, नसेल तर स्टीलचा पेला नको, हात पोळतील. जाड मग घ्या.

जॅम आणि क्रीम

लेइपॅयूस्तोचा ठरलेला जोडीदार म्हणजे दलदलीत उगवणारं सोनेरी फळ, क्लाउडबेरी. उत्तरेत त्याला ‘हिल्ला’ म्हणतात, इतरत्र ‘लाक्का’. फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर हेच फळ आहे. त्याचा जॅम आंबटगोड आणि बियांचा असतो. तो चीजबरोबर ओव्हनमध्ये घालून आटवू नका, गरम चीजवर वरून चमचाभर ठेवा. क्लाउडबेरी नसेल तर नुसता गोडमिट्ट स्ट्रॉबेरी जॅम लावण्यापेक्षा आंबटपणा असलेलं काहीही बरं. मी एकदा आवळ्याचा मोरंबा घेतला होता आणि अजूनही त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

दुसरा घरगुती प्रकार: तुकडे भांड्यात पसरून बुडतील-न बुडतील इतकं क्रीम, थोडी साखर आणि दालचिनी घालून ओव्हनमध्ये बुडबुडे येईपर्यंत भाजायचं. इथे हात सैल सोडला की चीज क्रीममध्ये पोहायला लागतं, आणि साखर जास्त झाली तर वर येणाऱ्या जॅमला काही कामच उरत नाही.

नावात गफलत

दुकानात ‘ऊनियूस्तो’ दिसलं तर ते हेच समजून तव्यावर टाकू नका. ते ओव्हनमध्ये लावलेलं मऊ चीज, पारंपरिकपणे गाय व्यायल्यावरच्या चिकाचं. म्हणजे आपल्या खरवसाचा सख्खा भाऊ, फक्त वेलची-गूळ नसलेला. लेइपॅयूस्तोसुद्धा पूर्वी अशाच चिकाच्या दुधाचं करत. घरी करून बघणाऱ्यांनी लिंबू पिळू नये, त्याने पनीर होईल. यूएचटीचं, म्हणजे अतिउष्णतेवर तापवून टिकाऊ केलेलं दूधही नको, रेनेटने ते धड घट्ट होत नाही. शाकाहारी असाल तर रेनेट वासराच्या जठरातलं की सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं, हे पाकिटावर वाचून घ्या.

उघडलेलं पाकीट नीट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. बुळबुळीत लागलं तर टाकून द्या. गोठवलं तर नंतर भुसभुशीत होतं, तव्यावर करकरणार नाही, क्रीममध्ये मात्र खपून जातं.