ढगांचा सीझनल मॅप करताय? या चुका टाळा

पुण्याचा एप्रिल-मेचा नकाशा केला आणि आकाश जवळपास निरभ्र दाखवतोय, असं झालं की आधी डेटाची वेळ बघा, बहुतेकदा गोची तिथंच असते. वळवाचे ढग जमतात दुपारनंतर, चार-पाचला अंधारून येतं, आणि तुम्ही घेतलाय नासाच्या उपग्रहांच्या जुन्या डेटातला टेराचा साधारण सकाळी साडेदहाचा पास (शहरावरून जाणारी फेरी), अॅक्वाचा दुपारी दीडचा, वर वेधशाळेचं सकाळी साडेआठचं निरीक्षण, मग ढग सापडणार कुठून? भारताच्या इन्सॅट-3डीआर उपग्रहाच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या इमेज घ्या आणि जमिनीवरचं संध्याकाळी साडेपाचचं निरीक्षणही लावा. आणि हो, फाइलमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवायला विसरलात तर दुपारचे ढग सकाळीच उगवतात!

दुसरा घोळ ऑक्टाचा. आकाशाचे आठ भाग धरून किती झाकलेत ते निरीक्षक लिहितो, 8 म्हणजे पूर्ण झाकलेलं. पण कोडमध्ये 9 पण येतो, त्याचा अर्थ धुक्याबिक्यामुळं आकाशच दिसत नाही. लोक तो आकडा खुशाल सरासरीत घेतात. 2, 3, 9, 4 ची सरासरी येते साडेचार, 9 काढला तर 3, म्हणजे 56 टक्के आणि 37.5 टक्के एवढा फरक, तोही एका आकड्यामुळं.

निरीक्षक आणि सॅटेलाइटचे आकडे तंतोतंत जुळावेत हा हट्टही सोडा. खालून बघणाऱ्याला क्षितिजाकडच्या ढगांच्या बाजूही दिसतात, मधल्या फटी झाकल्या जातात, त्यामुळं कापसासारखे सुटे ढग असले की त्याचा आकडा चढतो. उलट रात्री लोणावळ्याकडचे खालचे ढग इन्फ्रारेडमध्ये (उष्णता टिपणाऱ्या इमेजमध्ये) सॅटेलाइटच्या हातून निसटतात, कारण ढगाचा माथा आणि जमीन यांचं तापमान जवळजवळ सारखंच. म्हणून दिवस-रात्रीचे वेगळे नकाशे करा, एकत्र सरासरी नको.

उंच ढग जागेवरून सरकलेलेही दिसतात. इन्सॅट विषुववृत्तावरून तिरकं बघतो, 74 अंश पूर्वेच्या इन्सॅट-3डीआरमधून पुण्यावरच्या 15 किमी उंच ढगाचा माथा साधारण सहा किमी उत्तरेकडं पडतो, त्यामुळं शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या निरीक्षणाशी एकच पिक्सेल जुळवत बसू नका, आजूबाजूचा पट्टा घ्या.

शेवटचं, पुणे आणि महाबळेश्वर या दोन ठिकाणांवरून सॉफ्टवेअरनं मधली जागा रंगवली तर मुळशीचा भाग विचारूच नका. घाटमाथ्यावर पावसाळाभर ढग बसलेले असतात आणि पूर्वेला दौंडकडं ते झपाट्यानं विरळ होतात, तिथं सॅटेलाइटचाच ग्रिड (चौकोनी घरांत मांडलेले आकडे) वापरा, स्टेशनं फक्त तपासायला.