गेमझोनच्या मशीन दुरुस्तीत यायचंय? आधी दांडी शिका

हे काम शिकायला येणारी बहुतेक मुलं आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून आलेली असतात. सोल्डरिंग बरं असतं, मीटर हातात बसलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून डोळा मदरबोर्डवर असतो. मी त्यांच्यासमोर एक जुनी, मळकी जॉयस्टिक ठेवतो आणि हातात फडकं देतो. चेहरे पडतात, पण इलाज नाही.

बोर्ड पेटीत बंद असतो, त्याला कुणी शिवत नाही. जॉयस्टिकच्या दांडीला मात्र दिवसभरात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हात लावतं. तो हात पॉपकॉर्नचा असतो, कोल्ड्रिंकचा असतो आणि रविवारी नाशिकमध्ये मिसळीचाही असतो. टिशूने पुसलेल्या बोटांवर तर्रीचं तेल उरतंच. कॉलेज रोडवर असो की सिडकोत, गेमझोनमधून येणाऱ्या तक्रारींत दांडी आणि बटणंच जास्त, आणि त्यातल्या पुष्कळशा निव्वळ मळाच्या. पार्ट मेलेला नसतो, बुजलेला असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी नीट बघायचं, मग पुसायचं, मग मोजायचं. ग्रीसची डबी सगळ्यात शेवटी उघडायची, आणि कित्येकदा उघडायचीच नाही. नवी मुलं नेमकी उलटी सुरुवात करतात.

मालकाचा फोन येतो तेव्हा तो म्हणतो, "जॉयस्टिक गेली." या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठली दिशा गेली? कायमची की अधूनमधून? सोडल्यावर दांडी मधोमध परत येते का? टिक् आवाज होतो का? याची उत्तरं मालकाकडे नसतात, तिथे रोज खेळणाऱ्या पोराकडे असतात. "काका, हळू नेली की उजवीकडे जात नाही, जोरात नेली की जातो" असं एखाद्या सातवीतल्या मुलाने सांगितलं तर निम्मं निदान झालं. स्विच जिवंत आहे, पण त्याला दाबणारा तुकडा झिजलाय, किंवा स्विच जागेवरून सरकलाय. त्यामुळे पॅनेल उघडण्याआधी स्वतः खेळून बघा. डोळे मिटून दांडी सावकाश गोल फिरवा आणि कान द्या. साध्या डिजिटल दांडीत चार मायक्रोस्विच, म्हणजे टिक् वाजणारे छोटे स्विच, असतात, चार दिशांचे चार. तिरप्या दिशेला शेजारचे दोन एकदम दाबले जातात, त्यासाठी पाचवा स्विच नसतो. वर आणि उजवीकडे दांडी नीट चालते, पण दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात अडते, तर बिघाड बहुधा स्विचमध्ये नसून यांत्रिक भागात आहे.

आता जरा वायरिंग. जुन्या मशीनमध्ये आणि आज सर्रास दिसणाऱ्या, शेकडो गेम भरलेल्या चिनी बोर्डांमध्ये जोडणी बहुधा जामा पद्धतीची असते. हे जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५च्या सुमारास रूढ केलेलं मानक, ५६ पिनांचा एक लांब कनेक्टर. बोर्डाच्या दिशेच्या पिनवर व्होल्टेज असतं आणि स्विच दाबला की ती पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या सामाईक वायरला, जोडली जाते, एवढंच. यातून एक गोष्ट पाठ करा. एकच दिशा बंद असेल तर त्या स्विचकडे किंवा त्याच्या वायरकडे बघा. चारही दिशा एकदम बंद असतील तर ग्राउंडची वायर बघा. ग्राउंड एका लगवरून, म्हणजे स्विचला वायर जोडायच्या पत्र्याच्या जोडावरून, दुसऱ्यावर असं साखळीने गेलेलं असतं, मधला एक लग निसटला की त्याच्या पुढचं सगळं मरतं. आणि पात्र आपोआप एकाच दिशेला चालत सुटलं असेल तर तिथला स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकलाय, बहुतेक वेळा कोल्ड्रिंकने. बोर्डावर टेस्टचं बटण असेल तर ते दाबा, पडद्यावर प्रत्येक दिशा आणि बटण वेगळं दिसतं. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

उघडताना आधी मेनचा प्लग काढायचा. नुसता मशीनचा स्विच बंद करून भागत नाही. जुन्या पेटीत काचेच्या ट्यूबचा मॉनिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो. शिकाऊ मुलाने त्या बाजूला हात घालायचा नाही, विषय संपला. धातूच्या पॅनेलला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर जॉयस्टिक बाजूला ठेवा, आधी अर्थिंग तपासा आणि मालकाला सांगा.

वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जपानी पद्धतीच्या दांडीला, उदाहरणार्थ सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ मॉडेलला, पाच पिनांचा एकच कनेक्टर असतो: चार दिशा आणि एक ग्राउंड. अमेरिकन पद्धतीच्या, वर लांबट मूठ असलेल्या दांडीला प्रत्येक स्विचला वेगळे लग असतात, तिथे फोटो नसेल तर वर-खाली उलटं होणारच. आपल्याकडे अस्सल सान्वा क्वचित दिसते, तिच्यासारख्या दिसणाऱ्या नकला जास्त. रचना तीच, पण पार्ट एकमेकांना बसतीलच याची खात्री धरू नका.

जपानी पद्धतीची दांडी खोलायची रीत अशी. दांडीच्या खालच्या टोकाला एक खाच असते, तिच्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवा आणि वरचा गोळा डावीकडे फिरवा, तो निघतो. मग खालचं गेट, म्हणजे दांडीला किती आणि कुठे सरकू द्यायचं ते ठरवणारी प्लास्टिकची चौकट, आणि स्विचची पट्टी. त्यानंतर स्प्रिंग दाबून ई-क्लिप, म्हणजे दांडीच्या खाचेत बसणारी इंग्रजी E आकाराची बारीक क्लिप, काढायची. ही क्लिप टुणकन उडते आणि मॉलच्या कार्पेटमध्ये गेली की सापडत नाही. वर फडकं धरून काढा आणि खिशात दोन-चार जास्तीच्या ठेवा. क्लिप निघाली की अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे स्विच दाबणारा प्लास्टिकचा तुकडा, आणि स्प्रिंग खालून निघते, दांडी वरून. निघेल त्या क्रमाने सगळं एका ओळीत मांडा. वॉशर कुठल्या बाजूने होता हे नंतर आठवत नाही.

साफसफाईला महागडं काही लागत नाही. आधी कोरडा ब्रश आणि दाबून हवा मारायचा रबरी फुगा. प्लास्टिकचे भाग आणि वरचा गोळा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दुकानात आयपीए म्हणून मागायचं. त्याऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बरेचदा ग्लिसरीन असतं, मागे चिकट थर राहतो. पेट्रोलने तर बिलकूल धुवू नका. प्लास्टिक खराब होतं, आणि बंदिस्त गेमझोनमध्ये आगीचा धोका वेगळाच. आयपीएही पेट घेतं, तेव्हा ते पूर्ण उडून गेल्याशिवाय प्लग लावायचा नाही. ॲक्रिलिकच्या पारदर्शक पॅनेलवर ते लागू देऊ नका, बारीक तडे जातात. ते पॅनेल ओल्या मऊ कपड्याने पुसायचं.

साफ केलेली दांडी कोरडीच परत जोडून बघा. निम्म्याहून जास्त वेळा ती इथेच नीट चालते. चालली तर थांबा.

ग्रीस लावायचं कधी? दांडी जड वाटते, फिरवताना कुरकुरते किंवा अडखळत सरकते तेव्हाच. लावायचं कुठे? ज्या काळ्या गोळीवजा पिव्हटवर दांडी डोलते, तो पिव्हट आणि त्याची खोबण, एवढ्याच जागी. किती? मोहरीच्या दाण्याइतकं, बोटाने पसरून, वर दिसणारं पुसून टाकून. गेटला नाही, स्विचला नाही, स्प्रिंगलाही नाही. जादा ग्रीस उष्णतेने आणि हालचालीने खाली सरकतं, धूळ धरतं आणि स्विचच्या फटीत उतरतं. सिलिकॉन ग्रीस स्विचच्या आत, संपर्काच्या टोकांवर पोचलं तर तिथे वीज न वाहणारा थर बसतो. मग दांडी लोण्यासारखी फिरते आणि पात्र जागचं हलत नाही!

कुठलं ग्रीस, यावर जगभरचे शौकीन हमरीतुमरीवर येतात. सान्वाच्या दांडीसाठी शिन-एत्सूचं जी-४०एम नावाजलेलं आहे, मॉलिकोट ४४ ही बरेच जण वापरतात. दोन्ही सिलिकॉनवर आधारलेली. तेच ब्रँड हवेत असं नाही, डब्यावर "प्लास्टिकसाठी सुरक्षित" लिहिलेलं सिलिकॉन ग्रीस पुरतं. मोटारसायकलच्या बेअरिंगचं ग्रीस मात्र गॅरेजमध्येच राहू द्या. ते खनिज तेलावर बनतं, काही प्लास्टिकला मऊ पाडतं किंवा चिरा पाडतं, आणि निफाडकडच्या थंडीत सकाळी दुकान उघडलं की दांडी जडशीळ. आणि डब्ल्यूडी-४०. प्रत्येक गेमझोनच्या काउंटरखाली त्याचा डबा असतो, प्रत्येक मालकाचा त्यावर गाढ विश्वास असतो. पाणी हटवायला आणि गंजलेला स्क्रू सोडवायला ते छान आहे. दांडीत मारलं की तेव्हापुरतं गुळगुळीत वाटतं, मग पातळ तेल उडतं, उरलेल्या थराला धूळ चिकटते आणि आठवड्याभराने परत फोन येतो. "मी स्प्रे मारला होता" असं मालक सांगत नाही, वासावरून कळतं. कोरियन पद्धतीच्या दांडीत स्प्रिंगऐवजी रबर असतं, तिथे तर रबर कोरडंच ठेवायचं.

स्विच मोजायला मीटर बीपवर ठेवा आणि टोकं कॉमन (सामाईक टोक) व एनओवर (दाबल्यावरच जोडलं जाणारं टोक) लावा. न दाबता बीप नको, दाबल्यावर स्वच्छ अखंड बीप हवा. तुटक बीप आला तर स्विच बदला. बंद मायक्रोस्विच उघडून दुरुस्त करत बसण्यात वेळ जातो आणि भरवसा राहत नाही. खूप जुन्या मशीनमध्ये पत्र्याच्या पट्ट्यांचे उघडे स्विच सापडतात, त्यांची गोष्ट वेगळी. पट्ट्यांमध्ये आयपीएने भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी सरकवून ओढा, सँडपेपर घासू नका, वरचा मुलामा निघून जातो.

जोडणी झाली की गेट तपासा. चौकोनी गेट ४५ अंशांनी फिरवून बसवलं की काही दांड्या चार दिशांच्याच होतात. १९८०च्या पॅकमॅनसारख्या चार दिशांच्या खेळाला हेच हवं असतं, मारामारीच्या खेळाला अजिबात नको. साफसफाईनंतर "तिरपं जातच नाही" अशी तक्रार आली तर स्विच बदलत बसण्याआधी गेट बघा.

नाशिकच्या हवेचा हिशेब ठेवा. एप्रिल-मेमध्ये धूळ, एसी गेमझोनमध्येही ती शटरखालून येते. जून ते सप्टेंबर दमट हवा, स्प्रिंग आणि लगवर तांबूस गंज. पावसाळ्याआधी लग घट्ट करून घेतले तर सप्टेंबरपर्यंत बराच त्रास वाचतो. स्विच, लग, वायर एमजी रोड-वकीलवाडीच्या दुकानांत मिळून जातात. खास जॉयस्टिकचे पार्ट बहुधा ऑनलाइन, नाहीतर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. जाताना जुना पार्ट सोबत न्या, फोटोवरून माप कळत नाही. एखादा बुश किंवा वॉशर अडला तर अंबड-सातपूरला लेथवाले आहेत, पण एका वॉशरसाठी मशीन थांबवायला ते खुशीने तयार होत नाहीत. चहा-पाणी, ओळखपाळख ठेवा.

पैशाचं थोडं. नुसतं बोलावलं की जायचं, या पद्धतीत दमायला होतं. गेमझोनशी ठरलेल्या भेटींचा करार करा, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीआधी एकेक मोठी सफाई पकडून. भेटीची मजुरी आणि पार्टचे पैसे बिलावर वेगळे दाखवा, नाहीतर "नुसतं पुसलंत की" हे ऐकावं लागतं. प्रत्येक मशीनची वही करा: तारीख, कुठल्या बाजूची दांडी, तक्रार काय, केलं काय. दोन-तीन महिन्यांत त्या वहीत दिसेल की पहिल्या खेळाडूची दांडी दुसऱ्यापेक्षा लवकर झिजते, कारण एकटा खेळणारा नेहमी तिथेच उभा राहतो. मोठ्या सफाईच्या वेळी दोन्ही दांड्या सारख्याच असतील तर अदलाबदल करून टाका, पार्टचा खर्च लांबतो. आणि भेट सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ठेवा. रविवारी संध्याकाळी चालू मशीनचं पॅनेल उघडलंत तर मालक त्या दिवसाचे पैसे देईल, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावेल.