बाथरूम गळतंय? फरशी फोडण्याआधी या चुका टाळा

ठाण्यातलं नौपाडा, पाचपाखाडी, नाहीतर नवी मुंबईत वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती. गळतीचा फोन कुठूनही येऊ दे, सुरुवात ठरलेली: "फरशी फोडून ठेवलीय, पण सापडत नाहीये." अहो, सापडलं नव्हतं तर फोडली कशाला?

खालच्यांच्या छताला डाग दिसला की वर बरोबर त्याच जागी हातोडा घालायचा, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. जुन्या घरांत बाथरूमचा स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पाणी कुठूनही शिरो, आधी ते कोब्यात मुरतं, मग उताराकडे सरकतं आणि फट मिळेल तिथून उतरतं. पुष्कळदा ही फट म्हणजे छतातल्या वायरीची नळी असते. दिव्यातून पाणी येत असेल तर आधी एमसीबी (मीटरजवळचा विजेचा खटका) पाडा, वरच्यांशी भांडण नंतर.

घंटाळी भागातल्या एका सोसायटीत हेच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या बाथरूमखाली ठिबक लागली. कंत्राटदार आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि "वॉटरप्रूफिंग गेलंय" म्हणाला. नहाणी ट्रॅपसकट (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) सगळं उकरलं, नवा कोबा, नवी टाइल. गणपतीआधी काम संपलं आणि दसऱ्याला ठिबक पुन्हा हजर. मला बोलावल्यावर मी खालच्या काकूंना एवढंच विचारलं, वरती कुणी नसताना गळतं का? "ते गावाला गेले होते ना, तेव्हाही टप टप चालूच होतं."

झालं की. आंघोळ नाही, सांडपाणी नाही, तरी टप टप थांबत नाही म्हणजे फरशीचा संबंध बहुधा नाही. संशय कायम भरलेल्या नळाच्या लाइनवर. वरच्या काकू बोलता बोलता म्हणाल्या, गिझरचा दिवा हल्ली उगाचच लागतो, थर्मोस्टॅट बिघडला असेल. मला वाटलं, गरम पाणीच कुठेतरी निघून जातंय. गिझर चालू ठेवून बेसिनखालच्या भिंतीवर तळहात फिरवला, तर एक टाइल कोमट. दोन टाइला काढल्या. आत गरम पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आट्यांपाशी गंजून भोक पडलेला. नवी फरशी बिचारी निर्दोष होती, पण तिचे पैसे कोण परत देणार?

म्हणून माझी सवय: आधी नळाची लाइन, मग सांडपाणी, हातोडा शेवटी. बादल्या भरून घ्या आणि वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व बंद करा. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. तासाभराने फोन येतो, "अजून गळतंय, म्हणजे लाइन नाही." कोबा स्पंजासारखा पाणी धरतो, व्हॉल्व बंद केल्यावरही काही दिवस ठिबकू शकतो. छतावरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा आणि थांबा. ओल रेघेच्या आत सरकत गेली तर दोष लाइनचा.

थांबणं जमणार नसेल तर टेस्टिंग पंपवाला प्लंबर बोलवा. तो सगळ्या नळांच्या जागी डमी (बुचं) लावतो, गिझर सोडवतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि पंपावरचा प्रेशरचा काटा उतरतो का ते बघतो. गरम आणि गार लाइन वेगवेगळी तपासायला सांगा. नव्या सीपीव्हीसीला (प्लॅस्टिकच्या पाइपांना) भरतात तेवढं प्रेशर जुन्या जीआयला भरू देऊ नका, नसलेली गळती तयार होईल.

काटा हलला नाही, तर सांडपाण्याकडे वळा. नहाणीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडका घट्ट कोंबा आणि फरशीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास ठेवा. साचलेलं असतानाच खाली गळलं तर टाइलचे जॉइंट किंवा ट्रॅपची कड. फडका काढून पाणी सोडल्यावर गळलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. पाण्यात कपड्यांची नीळ घाला. होळीचा उरलेला रंग नको, जॉइंटमध्ये बसला की निघत नाही. खालच्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर मात्र ही चाचणी करूच नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

फक्त पावसाळ्यात गळत असेल तर वरच्यांचं बाथरूम सोडा, बाहेरची भिंत आणि डक्ट (पाइप उतरतात तो अरुंद चौक) बघा. बिडाच्या पाइपाच्या जोडातून पिंपळ उगवला असेल तर अजून काय शोधायचं?

फटीत व्हाईट सिमेंट भरणं म्हणजे फार तर पुढच्या पावसापर्यंतची सोय. टाइला ॲसिडने घासणाऱ्यांनी गळतीची तक्रार करूच नये, जॉइंटमधलं सिमेंट त्यांनीच खाल्लेलं असतं. आणि गळक्या छताखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. वर सळया गंजत राहतात आणि खाली पाहुणे म्हणतात, वा, छान केलंय.

खर्चाचा वाद तर दर मीटिंगला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती त्या त्या फ्लॅटवाल्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. पण गळती कुणाच्या पाइपातून, हे आधी ठरायला हवं, म्हणून चाचणीच्या वेळी वरचे आणि खालचे दोघांनाही उभं करा.

पाइप बदलल्यावर भिंत बुजवण्याआधी मोजायची टेप धरून, पाइपाची जागा कळेल असा फोटो काढा. आणि खालच्यांनी रंगाची घाई करू नये. पेन्सिलच्या रेघेआतली ओल पूर्ण सुकू द्या, पोपडे खरवडा, मग पेंटरला बोलवा.